मिरजेला मिळालेल्या कंपन्या : एका तक्त्याच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम पक्कं झालं. आमच्या वाचनालयाच्या जिन्यातली मोकळी भिंत मिरज जंक्शनच्या तक्त्यासाठी मिळाली. आठ फूट रुंद, चार फूट उंच. मजकूर माझा, संगणकावरचं रेखाटन भाच्याचं, छपाई वर्गणीतून. मुदत मार्चअखेर.

डोक्यात आहे ती सरळ वंशावळ. मधोमध सदर्न मराठा रेल्वे, वर तिचे पूर्वज, खाली तिचा वंशविस्तार, तळाला आजची मध्य रेल्वे आणि दक्षिण पश्चिम रेल्वे. भाचा म्हणाला, "दोन रविवारांचं काम आहे, आत्या." तारीख टाकून त्याचं वाक्य मुद्दाम लिहून ठेवते.

७ जानेवारी

खोडापासून सुरुवात केली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. धान्य होतं तिथून ते नव्हतं तिथे न्यायला रूळ नव्हते, आणि गाडीला जुंपायचे बैल चाऱ्यावाचून मरत होते. दुष्काळ आयोगाने १८८० साली सांगितलं की देशाला अशा संकटातून वाचवायचं तर एकूण वीस हजार मैल रेल्वे हवी आणि त्यातली पाच हजार मैल ताबडतोब. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली ती याच धांदलीत. पहिलं काम होटगी ते गदग, मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर), १८८४ मध्ये सुरू. सोलापूरजवळच्या होटगीला ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची, म्हणजे जीआयपीची, त्याहून रुंद ब्रॉडगेज होती. म्हणजे मोठ्या डब्यातून लहान डब्यात पोती टाकण्याची हमाली पहिल्या दिवसापासून.

कंपनीची मुख्य कचेरी धारवाडला, कारखाना हुबळीला. १८९० पर्यंत पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. मिरज हे तेव्हा या मार्गावरचं नुसतं एक स्टेशन. जंक्शनपण नंतर आलं, आणि ते दुसऱ्यांमुळे.

१० जानेवारी

आजचा दिवस नावात गेला. भाच्याने आपणहून "दक्षिण मराठा रेल्वे" लिहिलं होतं. खोडायला लावलं. कंपनीचं नाव विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करायचं नाही. पण लोक विचारणारच की यात मराठा कुठून आला, म्हणून कोपऱ्यात चार ओळी टाकायचं ठरलं: इंग्रज ज्याला "सदर्न मराठा कंट्री" म्हणत तो हा मुलूख. पटवर्धनांची सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी. शेजारी मुधोळ, रामदुर्ग. आणि खालसा झालेले बेळगाव, धारवाड. राज्यकर्ते मराठी, रयत बरीचशी कानडी. भांडवल आणि संचालक लंडनचे. त्यामुळे या रेल्वेच्या नावातला "मराठा" हा माणसांचा नसून नकाशाचा आहे.

१५ जानेवारी

मद्रासची बाजू. ही मला कमी माहितीची, म्हणून हळू.

मद्रास रेल्वे १८४५ मध्ये एकदा निघून बारगळली. पुन्हा उभी राहिली ती १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला. १ जुलै १८५६ रोजी रॉयपुरम ते वालाजा रोड ही दक्षिण भारतातली पहिली गाडी तिची. वयाने आणि पैशाने आमच्या सदर्न मराठाची कितीतरी थोरली. १ जानेवारी १९०८ रोजी दोन्ही एकत्र झाल्या आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. कारभार मद्रासला गेला, आधी रॉयपुरमला आणि १९२२ पासून मद्रास सेंट्रलशेजारच्या नव्या मोठ्या इमारतीत. धारवाडची कचेरी मागे पडली. नावात मराठा राहिलं, दप्तर समुद्रकाठी गेलं.

तक्त्यासाठी अडचण एवढीच की मद्रास रेल्वे पूर्ण आलीच नाही. तिची मलबारकडची बाजू साउथ इंडियन रेल्वेकडे गेली. म्हणजे वंशावळीत आईचा अर्धा भाग एका घरी आणि अर्धा दुसऱ्या घरी. भाच्याने बाण दुभंगून दाखवला. दिसायला बरा दिसतो.

२१ जानेवारी

इथे वंशावळ मोडली.

कोल्हापूरचा फाटा. पायाभरणी १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते. महाराज तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्याधिकार मिळायला सहा वर्षं होती. मिरज ते कोल्हापूर २९ मैल, १८९१ मध्ये सुरू. पैसा कोल्हापूर दरबारचा, रूळ दरबारचे, आणि गाड्या? इंजिनं, डबे, ड्रायव्हर सगळं सदर्न मराठाचं. पुढे १९०७ मध्ये मिरज ते सांगली असा पाच मैलांचा फाटा झाला, त्याचीही हीच तऱ्हा. मालक सांगली संस्थान, चालवणारी हीच कंपनी.

भाच्याचा प्रश्न: "ही मुलगी दाखवायची का सून?" मी म्हटलं, दोन्ही नाही. घर कोल्हापूरकरांचं, त्यात कंपनी राहते, खर्चापुरतं ठेवून उरलेलं मालकाला देते. "म्हणजे भाडेकरू." जवळपास. पण वंशावळीत भाडेकरू कुठे दाखवायचा?

ज्या लेखांत "कोल्हापूर रेल्वे सदर्न मराठाने बांधून ताब्यात घेतली" असं छापून येतं, त्यांची चूक इथेच होते. डब्यावर ज्याचं नाव, रूळही त्याचेच असं आपण धरून चालतो.

२३ जानेवारी

वंशावळ रद्द. दोन रविवारांचं काम तीन रविवारांनी शून्यावर आलं, हे भाच्याला ४ तारखेची नोंद दाखवून सांगितलं.

नवी मांडणी: डावीकडून उजवीकडे काळ, १८८० पासून आजपर्यंत. मिरजेला लागणाऱ्या प्रत्येक मार्गाची एक आडवी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीचे दोन थर. वरचा थर मालकाच्या रंगाचा, खालचा गाड्या चालवणाऱ्याच्या रंगाचा. कंपनीच्या भांडवलावर व्याज मिळेलच अशी हमी कोणी दिली असेल तर पट्टीला त्याच्या रंगाची कड. वर-खाली रंग एकच दिसला तर मालक आणि चालक एक. वेगळे दिसले तर मध्ये करार आहे.

२८ जानेवारी

हमीचा भाग नीट समजून घेतल्याशिवाय वरचा थर रंगवता येईना, म्हणून जीआयपीकडे वळले. ती आमच्या रेल्वेची पूर्वज नव्हे, पण जुन्या पद्धतीचा नमुना तीच.

१८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. जमीन फुकट, भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी, मुदत ९९ वर्षं, आणि सरकारला वाटलं तर २५ किंवा ५० वर्षांनी विकत घेण्याचा हक्क. नफा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तर हमी इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्याच्या खिशातून. खर्च आटोक्यात ठेवायची कोणाला गरजच नव्हती. पन्नास वर्षं भरली तशी १९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली आणि चालवायला पुन्हा त्याच कंपनीला दिली! प्रत्यक्ष सरकारी कारभार आला तो १ जुलै १९२५ ला.

सदर्न मराठाच्या वेळी सरकारने शहाणपण शिकलेलं होतं. या नव्या पद्धतीत हमीचा दर जुन्या ५ टक्क्यांहून कमी, आणि मुख्य म्हणजे रेल्वे पहिल्यापासून सरकारच्या मालकीची. कंपनी भांडवल उभं करणार, बांधणार, चालवणार, नफ्यात वाटा घेणार. मालक मात्र भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळातला हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री.

दुपारी हे भाच्याला समजावताना माझ्याच लक्षात आलं ते असं: पुणे–लोंढा पट्टीचा वरचा थर सरकारचा. कोल्हापूरचा वरचा थर दरबारचा. सांगलीचा संस्थानचा. जिच्या नावाने तक्ता करतोय तिचा रंग वरच्या थरात कुठेच नाही. मिरजेतला एकही रूळ तिच्या मालकीचा नव्हता.

शीर्षक बदलावं लागणार.

४ फेब्रुवारी

गोव्याची पट्टी. मिरजेला थेट लागत नाही, पण लोंढ्याहून कॅसल रॉकमार्गे मुरगावपर्यंतच्या गाड्या याच कंपनीने चालवल्या, म्हणून तक्त्याच्या खालच्या कडेला घेतेय. खरं कारण असं की सगळ्यांत गुंतागुंतीची पट्टी हीच आहे आणि मला ती आवडली.

नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. कंपनी लंडनची. जमीन गोव्याची. हमी ५ टक्क्यांची, आणि ती पोर्तुगीज सरकारची. मूळ १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात. त्या तहाने गोव्याची जकात ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडली, गोव्याचं मीठ इंग्रजांच्या मक्त्यात गेलं, त्याबद्दल पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये ठरले, आणि बंदर व रेल्वे बांधायचं कबूल झालं. मुरगाव ते कॅसल रॉक ५१ मैल, १८८८ मध्ये पूर्ण. कुळे ते कॅसल रॉक घाटात ४० फुटांना एक फूट चढ, दूधसागर त्याच टप्प्यात. तह अमलात आल्यापासून बारा वर्षांचा होता. १८९२ च्या सुरुवातीला संपला आणि पुन्हा झाला नाही. मिठागरं परत मिळाली, पण रेल्वेच्या व्याजाची हमी काही तहाबरोबर संपली नाही. गोव्याच्या तिजोरीला ती पुढे जड जात राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठाकडे आलं. म्हणजे वरचा थर लंडनच्या कंपनीचा, कड लिस्बनची, खालचा थर धारवाडचा आणि पुढे मद्रासचा. भाच्याकडचे रंग संपले. कडेला रेघारेघांचा नमुना दिला.

१९५० च्या दशकात भारत-पोर्तुगाल तंट्यात हद्दीवरची वाहतूक बंद पडली. तो तुकडा पट्टीत कोरा ठेवलाय. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर रंग पुन्हा सुरू.

११ फेब्रुवारी

बार्शी लाइट. हिच्यासाठी पूर्ण रविवार ठेवला होता आणि तो पुरला नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला. बार्शी कापसाची मोठी पेठ, पण जीआयपीची लाइन तिला टाळून गेलेली. सगळ्यांत जवळचं स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, २२ मैल लांब. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की लहान गेजची रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे नव्हे. अडीच फुटी गेज ठेवा, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ देऊ नका, पण चाकं वाढवा. मग हलक्या रुळावरून जड इंजिनही जातं. हे पटवायला त्याने इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून डबे चालवून दाखवले. १८९५ मध्ये लंडनला कंपनी, १८९७ मध्ये बार्शीला गाडी. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची, दिसायला बुटकी आणि ओढायला दांडगी.

मग एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला १९११ मध्ये लातूर. कापूस बार्शीने दिला आणि गर्दी विठोबाने. वारीच्या दिवसांत मालडब्यांतूनही माणसं जात. १९२७ मध्ये पंढरपूरकडून ती मिरजेला पोचली, एकूण २०२ मैल. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला. (त्याने उतारवयात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं आणि अरबी घोडे पाळले. तक्त्यात जागा नाही, पण इथे लिहायला काय हरकत.)

तक्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं: बार्शीचे रूळ बार्शी कंपनीचे आणि गाड्याही तिच्याच. १ जानेवारी १९५४ ला सरकारने घेईपर्यंत वर-खाली एकच रंग. स्वातंत्र्यापूर्वीच्या मिरजेत स्वतःच्या रुळांवर स्वतःची गाडी चालवणारी कंपनी एवढीच, आणि ती सगळ्यांत लहान गेजची.

१२ फेब्रुवारी

बार्शीला लाल रंग दिला. भाच्याला गुलाबी हवा होता. लाल.

१८ फेब्रुवारी

शेजारचे आजोबा गार्ड म्हणून निवृत्त झालेत. त्यांना कच्चा आराखडा दाखवला. ते कधीही "मद्रास अँड सदर्न मराठा" म्हणत नाहीत; "एमेसेम" म्हणतात, आणि तेही जसं आपण माहेरचं आडनाव घेतो तसं. त्यांच्या वडिलांची नोकरी त्या कंपनीतली.

त्यांनी विचारलं, १९४४ कुठंय? राहिलंच होतं. १ एप्रिल १९४४ ला एमएसएमचा करार संपवून सरकारने कारभार हाती घेतला. सरकारी कारभाराची शिफारस रेल्वेच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने १९२१ मध्येच केली होती; जीआयपीच्या बाबतीत चार वर्षांत झालं, इथे तेवीस लागली. म्हणजे १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे झाली तेव्हा एमएसएम ही कंपनी नव्हतीच, नाव तेवढं उरलं होतं. एमएसएम, साउथ इंडियन आणि म्हैसूर स्टेट अशा तिघींची मिळून दक्षिण रेल्वे, देशातला पहिला झोन. मध्य रेल्वे त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला.

आजोबा आणखी एक बोलले ते पडताळून घेतलं. महालक्ष्मी एक्सप्रेसचा क्रमांक १७४११. मुंबई–कोल्हापूर गाडी, दोन्ही टोकं महाराष्ट्रात, आणि दुसरा अंक ७, म्हणजे २००३ पर्यंत हा मार्ग जिच्याकडे होता त्या दक्षिण मध्य रेल्वेच्या मालिकेतला. पुणे–कोल्हापूर मार्ग मध्य रेल्वेत आल्यावरही तो कितीतरी वर्षं तसाच राहिला. डब्यावरचं नाव बदलायला एक रंगारी पुरतो, क्रमांक मात्र चिवट. तो तक्त्यात घ्यायचा.

२५ फेब्रुवारी

झोनच्या तारखा एकाखाली एक मांडल्या आणि दोनदा तपासल्या.

१९५४ नंतर मिरजेत मालक एकच, भारत सरकार. पण चालवणारे दोन: मीटरगेज दक्षिण रेल्वेची, बार्शीची नॅरोगेज मध्य रेल्वेची. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली. तिच्यात दक्षिणेकडून हुबळी विभाग आला आणि मध्यकडून सोलापूर विभाग. म्हणजे मिरजेचे दोन्ही गेज एका छत्राखाली. २ ऑक्टोबर १९७७ ला सोलापूर विभाग मध्यला परत गेला. पुन्हा दोन. १ एप्रिल २००३ ला हुबळी नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत आणि पुणे–कोल्हापूर मध्यकडे. आजही दोन: पुणे, कोल्हापूर, पंढरपूरकडे मध्य, बेळगावकडे दक्षिण पश्चिम.

१९०७ ते १९२७ उलटं होतं. चालवणारी एक, मालक तीन.

म्हणजे १८९१ मध्ये मिरज जंक्शन झाल्यापासून आजपर्यंत तिथे मालकही एक आणि चालकही एक अशी वर्षं फक्त अकरा, १९६६ ते १९७७. भाच्याने पडद्यावर तो उभा पट्टा ठळक केला. सगळ्या पट्ट्या वर-खाली जुळलेल्या. आम्ही दोघे थोडा वेळ काही बोललो नाही, मग त्याने चहा टाकला.

आणि नेमक्या त्याच अकरा वर्षांत, १९७१ मध्ये, पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झाली. छत्र एक पण गेज तीन: मोठी पुण्याकडे, मीटर बेळगावकडे, नॅरो पंढरपूरकडे. एका फलाटावरचं पोतं दुसऱ्या फलाटावर न्यायला कागद कमी लागला असेल, हमाल मात्र तेवढेच. बेळगावकडची मीटरगेज १९९० च्या दशकात गेली, नॅरोगेज त्यानंतर.

३ मार्च

कापाकाप. म्हैसूर संस्थानच्या मार्गांची पट्टी काढली. ते मार्गही सदर्न मराठाने चालवायला घेतले होते आणि पुढे संस्थानाने बरेचसे परत घेतले, पण मिरजेपासून फार दूर. वलिवड्याच्या छावणीची चौकटही काढली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधले हजारो निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, या कोल्हापूरच्या फाट्यावर येऊन राहिले. हा विषय कंपन्यांच्या पट्ट्यांमध्ये कोंबण्याचा नाही. त्याला वेगळी भिंत हवी.

शीर्षक ठरलं: "रूळ कोणाचे, गाडी कोणाची". भाच्याचं.

१० मार्च

छापखान्यातून नमुना आला. "मद्रास अँड सदर्न मराठी रेल्वे." सहा ठिकाणी. तिथल्या मुलाने सांगितलं की शब्द चुकलाय असं वाटून त्यानेच सुधारला. रागावता येईना. दुरुस्त करून परत पाठवलं, आणि संगणक "कड" चं "कडे" करतोय का तेही बघायला सांगितलं. करत होता.

बार्शीचा लाल छपाईत विटकरी आलाय. भाचा काही म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर गुलाबी होतं.

२३ मार्च

तक्ता लागला. खिळ्यांपायी उजवीकडची दोन इंच जागा गेली, त्यामुळे २००३ चौकटीला चिकटलंय. वाचता येतं.

आजोबा १९६६ च्या पट्ट्यापाशी बराच वेळ उभे होते. म्हणाले, पगाराचा लखोटा मात्र तेव्हाही उशिराच यायचा.

२४ मार्च

सातवीतल्या एका मुलीने चूक काढली. कोल्हापूरच्या पट्टीवर १८९१ खाली आम्ही स्टेशनांचे ठिपके दिलेत: जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. ती जयसिंगपूरची. तिचं म्हणणं, गाव शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलं असं शाळेत शिकवलंय, मग महाराजांना अधिकार मिळायच्या आधी, १८९१ मध्ये, त्या नावाचं स्टेशन कसं असेल?

नाहीच असणार. अडीच महिने मालक आणि चालक मोजत बसलो आणि ठिपका आजच्या वेळापत्रकातून उचलला. भाच्याला फोन केला. तो संध्याकाळी पट्टीच्याच रंगाचा चिकटकागद घेऊन येतोय. जयसिंगपूर झाकायचं आणि पुढच्या रकान्यात नव्याने लिहायचं. स्टूल वाचनालयातलं डगमगतं, घरचं न्यायचं.